ताईचा सरबताचा पेला: काय करू?

आंबटगोड | रविवार, रात्री ११:५२

माझा नेहमीचा आयडी घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हा नवीन काढलाय. प्रशासकांनी समजून घ्यावं.

माझी मोठी बहीण कांदिवलीला असते. वय ४१, नोकरी बीकेसीत. मुलगी दहा वर्षांची, मुलगा चारचा. भाओजी बदलीवर नागपूरला, महिन्यातून दोनदा येतात. सासूबाईंना स्मृतिभ्रंश झालाय. रात्री दोन-तीनला उठतात, "राजापूरची एसटी चुकेल" म्हणत दाराची कडी काढायला जातात. दिवसा त्यांच्याजवळ एक बाई असते, ती सातला निघते. ताईची लोकल वेळेवर असली तर ती सव्वासातला पोचते. मधला वेळ शेजारच्या काकूंच्या उपकारावर.

मागच्या आठवड्यात तिच्याकडे राहायला गेले होते. ताई कुकर लावत होती. मला तहान लागली म्हणून ओट्यावरचा स्टीलचा पेला उचलला, तर भाची वहीतून मान वर न करता म्हणाली, "मावशी, तो नको. आईच्या सरबताचा पेला वेगळा असतो, त्याला हात लावायचा नाही."

लिंबू होतं, साखर होती आणि व्होडका होती.

रात्री विषय काढला. चिडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "तुला काय वाटतं, मजा म्हणून घेते? अर्धा पेला पोटात गेला की घरातले आवाज जरा लांब जातात. मग पोळ्या होतात." सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. मे २०२० मध्ये मुंबईत दारू घरपोच मिळायला लागली तेव्हा शनिवारची वाईन. मग रोजची. मग वाईन महाग पडते आणि बाटली लपवायला मोठी, म्हणून व्होडका. आता रोज एक क्वार्टर तरी जाते असा माझा अंदाज. ती म्हणते "कधीकधी".

ऑफिस चुकत नाही, डबे होतात, पोरीचा अभ्यास होतो. बाहेरून कुणाला काही कळणार नाही. अशा बाईला दारुडी म्हणायचं का? आईला सांगू? भाओजींना? की गप्प बसू?

पार्लेकर_जुना | सोमवार, सकाळी ६:१५

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आमच्या आयांनी चाळीतल्या दोन खोल्यांत सहा-सहा पोरं वाढवली, नळाला पाणी पहाटे चारला यायचं. ताण त्यांनाही होता. पेला नाही लागला कधी. कुठेतरी संस्कारांची वीण सुटत चाललीय.

तिरकस | सोमवार, सकाळी ८:४०

काका, पेला नाही लागला, मिसरी लागायची. तपकीर लागायची. आणि थोडं मागे गेलात तर याच मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या पोरांना अफूची बाळगोळी चाटवून कामावर जायच्या. शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी अहवालांत त्याची नोंद आहे. हौस नव्हती त्यांना. दहा तासांची पाळी होती आणि पोराला बघायला कुणी नव्हतं.

आणि घरोघरी जे आजोबा रोज संध्याकाळी मोजून दोन पेग घ्यायचे, त्यांना "शिस्तीचा माणूस" म्हणायचे. त्यांच्यावर कुणी धागा काढला नाही.

चाफेकळी | सोमवार, सकाळी ९:०५

तिरकस, +१. पण आपण आंबटगोडच्या ताईबद्दल बोलूया. बिचारीने मध्यरात्री लिहिलंय.

कोळणीची_लेक | सोमवार, सकाळी १०:३०

मी वेसाव्याची. आमच्याकडे हळदीला बायका उघड पितात, नाचतात, कुणी तोंडाला पदर लावत नाही. त्यामुळे बाईने प्यायली हा मुद्दा मला मुळात डोक्यात शिरत नाही. माझी आजी बाजार करून आली, टोपली रिकामी झाली की कधी दोन घोट घ्यायची. पण मग त्या रात्री ती चुलीजवळ जायची नाही. जेवण मावशी करायच्या आणि आजीला ताट हातात मिळायचं.

ताईला ताट कोण देतं, ते मला कळलं नाही. पेला हातात आणि पोळ्याही तिनेच लाटायच्या?

चखणा_किंग | सोमवार, सकाळी ११:१०

[प्रतिसाद काढला आहे. दुसऱ्यांदा असं झाल्यास आयडी गोठवला जाईल. – प्रशासक]

गवतीचहा | सोमवार, दुपारी २:२०

मी मानसोपचार विभागात काम करते. ओपीडी संपवून लिहितेय, त्यामुळे थोडं मोठं होईल.

आंबटगोड, आधी हे वाचा. जाऊन बाटली मोरीत ओतू नका आणि "उद्यापासून बंद" अशी शपथही घालू नका. काही वर्षं रोज क्वार्टर घेणाऱ्या माणसाची दारू एका दिवसात तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्याआधी हात कापतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, माणूस बरळायला लागतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. सगळ्यांचं असं होत नाही, पण कुणाचं होईल हे घरात बसून सांगता येत नाही. डॉक्टर यासाठी काही दिवस गोळ्या देऊन त्या हळूहळू उतरवतात, सोबत थायमिन म्हणजे बी-१ देतात. सकाळी चहाचा कप धरताना ताईचा हात थरथरतो का, एवढं बघून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.

आता हिशेब. ३० मिलीच्या एका पेगात साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. क्वार्टर १८० मिलीची, म्हणजे ६० ग्रॅम. "मी फक्त वाईन घेते" म्हणणाऱ्यांनीही ऐकावं: ७५० मिलीच्या वाईनच्या बाटलीत ७०-७५ ग्रॅम असतं. अर्धी बाटली म्हणजे साडेतीन पेग, फक्त ग्लास नाजूक असतो. बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी, आणि अल्कोहोल मोडणारं विकर म्हणजे एन्झाइमही जठरात कमी. नवऱ्याइतकीच घेतली तरी बाईच्या रक्तात ती जास्त चढते, आणि यकृताचं दुखणंही कमी वर्षांत गाठतं. स्तनांच्या कर्करोगाचा धोका तर थोड्या दारूनेही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दारूला १९८८ मध्येच कर्करोगकारक ठरवलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने सरळ सांगितलं की सुरक्षित असं कुठलंच प्रमाण नाही. रोज एक ग्लास हृदयाला चांगला, वगैरे आता विसरा.

झोपेचं पण सांगते, कारण आया येऊन हेच बोलतात. दारूने झोप लागते पटकन, पण पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात. मग दिवसभर डोकं जड, पोरांवर खेकसणं, त्याचा पश्चात्ताप आणि संध्याकाळी पुन्हा पेला. "ताण आहे म्हणून घेते" हे खोटं नसतं. पण काही महिन्यांनी त्यातला बराचसा ताण दारूच घरात आणून ठेवते, आणि तो वेगळा ओळखू येत नाही.

दारुडी आहे की नाही, या वादात पडू नका. जागतिक आरोग्य संघटनेची "ऑडिट" नावाची दहा प्रश्नांची यादी आहे, ती तिला शांतपणे एकटीला भरू दे. आणि मागे नैराश्य आहे का हे तपासायलाच हवं. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक बायकांत ते बाळंतपणापासूनच अंगात असतं आणि कुणी विचारलेलं नसतं.

नवीआई_२३ | सोमवार, दुपारी ३:०५

डॉक्टर, अवांतर विचारते. अंगावर पाजत असताना एखादी बिअर चालते का? आमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर म्हणतात की नंतर दूध पिळून टाकून द्यायचं, मग काही होत नाही.

गवतीचहा | सोमवार, दुपारी ३:३०

पिळून टाकल्याने काही फायदा होत नाही. रक्तात जेवढी दारू, तेवढीच दुधात. रक्तातली उतरली की दुधातलीही उतरते. एका पेगाला साधारण दोन तास धरतात, दोन पेगांना चार. त्या वेळात पाजायचं नाही. न घेतलेली बरी. आणि बिअरने दूध वाढतं हेही खरं नाही, उलट पान्हा फुटायला त्रास होतो.

लोकलपकडू | सोमवार, रात्री ९:१५

आकडे बघितले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशात १५ वर्षांवरच्या पुरुषांत साधारण १९ टक्के दारू पिणारे, बायकांत एक टक्क्याच्या आसपास. महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण त्याहूनही कमी.

आता दारात सर्वेक्षणवाल्या मॅडम उभ्या, आत सोफ्यावर सासूबाई, आणि प्रश्न आला, "तुम्ही मद्यपान करता का?" आंबटगोडची ताई काय उत्तर देईल ते सांगायला नको.

निवडुंग | सोमवार, रात्री ११:२०

इथे मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, बरेच जण ओळखतात. आज वेगळं लिहितेय.

मी चेंबूरला राहते, जुळी मुलं आहेत. मी प्यायचे. आता नाही पीत, त्याला काही वर्षं होत आली.

मुंबईत बाटली मिळवणं अगदी सोपं. मोबाईलवर मागवा, कुरिअरवाल्यासारखा पोऱ्या येतो, वॉचमन बघतही नाही. जड जाते ती रिकामी बाटली. आमच्या सोसायटीत ओला-सुका कचरा वेगळा. सुका कचरा उचलणारा दादा काचा वेगळ्या काढून पिशवीत भरतो, कुणाच्या दारातून काय निघालं हे त्याला पाठ असतं. म्हणून मी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यावर मुलांचा जुना टीशर्ट बांधून डब्याच्या पिशवीत घालायचे आणि ऑफिसच्या वाटेवर टाकायचे. एकदा लोकलमध्ये लेडीज डब्यात पिशवी खाली पडली. आवाज झाला. शेजारची म्हणाली, "लोणच्याची बरणी फुटली का हो?" मी हो म्हणाले. तिने सरकून जागा दिली आणि घरी लोणचं कसं मुरवते ते सांगत राहिली, कुर्ल्यापर्यंत.

नवऱ्याला कळलं तेव्हा तो बाटलीवर पेनाने रेघ मारून ठेवायला लागला. मी पाणी घालायला लागले. मग तो चव बघायला लागला. आमचं घर पोलीस चौकी झालं होतं. आंबटगोड, भाओजींना सांगशील तेव्हा हे सांग: रेघा मारायच्या नाहीत. मी डॉक्टरकडे का गेले नाही, तर भीती एकच. कागदावर आलं तर उद्या कुणी म्हणेल की ही आई व्हायच्या लायकीची नाही, मुलं द्या इकडे. ऑफिसात कळेल ती दुसरी भीती. पण मुलांची पहिली.

शाळेच्या आयांच्या ग्रुपवर रोज वाईनचे विनोद यायचे. "मुलं झोपली, आता आईचं औषध." हसून हसून बदाम पाठवायचो सगळ्या. मला वाटायचं सगळ्यांचं माझ्यासारखंच चाललंय. नव्हतं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणी महिन्यातून एकदा घ्यायच्या. माझं संध्याकाळी साडेसहालाच लक्ष घड्याळाकडे.

मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, बैठकीला गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा खोलीत सगळे पुरुष, मी दारातून परत. मग कुणीतरी बायकांच्या बैठकीचा पत्ता दिला. तिथे एक निवृत्त शाळाशिक्षिका, एक एअर होस्टेस, एक पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या काकू. पैसे लागत नाहीत, आडनाव कुणी विचारत नाही. ज्यांच्या घरात पिणारं माणूस आहे त्यांच्यासाठी अल-अनॉन वेगळं असतं. आंबटगोड, तू स्वतः तिथे जा. ताई आली नाही तरी.

चाफेकळी | सोमवार, रात्री ११:४५

निवडुंग, तुझ्या कैरीच्या लोणच्याची पाककृती मी दरवर्षी करते. एवढंच लिहिते.

वस्तीताई | मंगळवार, सकाळी ७:५०

मी गोवंडीच्या वस्त्यांत बचत गटांचं काम करते. निवडुंग यांचं वाचून वाटलं की दुसरी बाजूही लिहावी.

आमच्याकडच्या बायका पहाटे झाडलोटीला जातात, कुणी कोळंबी सोलतं, कुणी कचरा वेचतं. संध्याकाळी अंग मोडून आलेलं असतं. देशीची चपटी किंवा गावठी घेतात आणि पडतात. विचारलं तर सांगतात, "ताई, घेतली नाही तर हात दुखून झोप येत नाही, आणि झोपले नाही तर सकाळी चारला कोण उठणार?" काही जणींच्या नवऱ्यानेच हातात ग्लास दिलेला असतो, म्हणजे ती त्याला बोलणार नाही.

तिला सगळी गल्ली बेवडी म्हणते. कांदिवलीतल्या ताईचं मात्र सरबत असतं. मला ताईचा राग नाही, पण एवढा फरक दिसतो. आणि गावठी म्हणजे रोजचा जुगार. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ते विसरून चालणार नाही.

आमच्या बायका बैठकीला जाऊ शकत नाहीत. जाऊन-येऊन दोन तास, पोरांना कोण बघणार? पाळणाघर सुरू केलं तेव्हा तीन जणींची आपोआप कमी झाली. आम्ही दारूचं अक्षरही काढलं नव्हतं.

पार्लेकर_जुना | मंगळवार, सकाळी ८:३०

वरचे प्रतिसाद वाचले. बाळगोळीचं मला माहीत नव्हतं. पण तरी विचारतो, आईला सांगायला हरकत काय? आई आहे ती.

तिरकस | मंगळवार, सकाळी ८:५५

आईला सांगितलं की ताईचा फोन रोज वाजणार आणि रोज रडारड होणार. म्हणजे संध्याकाळी सातला ताईच्या अंगावर एक आवाज आणखी.

आंबटगोड | मंगळवार, रात्री १०:१०

सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. निवडुंग, तुमचा तर ऑफिसच्या जिन्यात बसून वाचला.

आईला सांगितलं नाही. ताईला विचारून भाओजींना सांगितलं. ते आधी गप्प झाले, मग म्हणाले की त्यांच्या एका मित्राच्या बायकोने नवऱ्याला नकळत वरणातून गोळी दिली होती, दारू सुटली, तीच आणूया. मी म्हटलं डॉक्टरांना विचारते.

ताईने दहा प्रश्न भरले. मला दाखवले नाहीत, पण कागद फाडलाही नाही. हात कापतो, सकाळी. मी चहा करून दिला तेव्हा तिने कप दोन्ही हातांनी धरला.

गवतीचहा | मंगळवार, रात्री १०:४०

वरणातून गोळी अजिबात नाही! ती बहुधा डायसल्फिराम. ही गोळी पोटात असताना दारू गेली की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. माणसाला माहीतच नसेल तर तो नेहमीसारखी क्वार्टर घेणार, आणि यात माणसं दगावली आहेत. ही गोळी रुग्णाला सगळं सांगून, त्याची संमती घेऊन, तपासण्या करूनच देतात. ओढ कमी करणारी दुसरी औषधंही आहेत. ते डॉक्टर ठरवतील.

हात कापतोय म्हणजे लवकर जा. तोपर्यंत स्वतःहून एकदम बंद करू नका. केईएम, नायर, सायन, कूपर, पालिकेच्या या चारही ठिकाणी मानसोपचार ओपीडी आहे, कांदिवलीहून कूपर सोयीचं. केसपेपर सकाळी लवकर काढा, रांग असते. वांद्र्याला कृपा फाउंडेशन आहे, १९८१ पासून काम करतंय. दाखल व्हायची वेळ आली आणि मुंबईत नको वाटलं तर पुण्याच्या मुक्तांगणचा बायकांसाठी वेगळा विभाग आहे, निशिगंध नावाचा. आणि रात्री दोनला सासूबाई दाराशी आणि ताई ओट्याशी अशी वेळ आली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर २४ तास चालू असतो, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

निवडुंग यांच्या भीतीबद्दल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूचं व्यसनही येतं, आणि त्याच कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. डॉक्टर ऑफिसला फोन करत नाहीत. उपचार घेणारी आई कुणाच्या तरी नजरेत वाईट ठरेल म्हणून तिने उपचारच घेऊ नयेत, हे मी रोज ऐकते आणि रोज चिडते.

कोळणीची_लेक | मंगळवार, रात्री ११:००

गोळ्या होतील सुरू. संध्याकाळी सात ते नऊचं काय केलंत?

लोकलपकडू | मंगळवार, रात्री ११:०८

हेच विचारणार होतो. आणि भाओजींची बदली परत मुंबईला होत नाही का? घरात वृद्ध रुग्ण असेल तर अर्ज करता येतो बऱ्याच ठिकाणी. मी केला होता, वडिलांसाठी. सात महिने खेटे घातले, पण झाली.

आंबटगोड | गुरुवार, रात्री ११:३५

काल कूपरला गेलो. मी सुट्टी टाकली. ताईने केसपेपरवर वय सांगताना आवाज इतका बारीक केला की खिडकीतल्या माणसाने तीनदा विचारलं. आतल्या डॉक्टर तरुण होत्या, पहिलं वाक्य "झोप कशी आहे" असं होतं. ताई त्यावरच पंधरा मिनिटं बोलली. रक्ताच्या तपासण्या केल्या, गोळ्या दिल्यात, रविवारपर्यंत कुणीतरी सोबत राहायचं आहे. मी आणि भाओजी आलटून पालटून. आज तिला खूप घाम येत होता, पण बाकी ठीक.

भाचीने विचारलं, आईला काय झालंय? ताईनेच सांगितलं: "मी ते सरबत खूप प्यायले, त्याने आजारी पडले, आता औषध चालू आहे." भाची म्हणाली, "मला माहीत होतं ते सरबत नाहीये."

बाई नऊपर्यंत थांबायला तयार आहे. पगार वाढवून हवा आणि रात्री मालाडला घरी जायला रिक्षाचे पैसे वेगळे. पैसे मी देणार होते, तर भाओजी म्हणतात मी देतो, तू मध्ये पडू नकोस. देऊ देत. बदलीचा अर्जही लिहायला बसवलंय. लोकलपकडू, तुमच्या अर्जाला सोबत काय कागद जोडले होते ते विपुमध्ये (खासगी निरोपात) कळवाल का? डॉक्टरांचं पत्र सासूबाईंच्या नावाने घ्यायचं की भाओजींच्या?

लोकलपकडू | गुरुवार, रात्री ११:५०

सासूबाईंच्या. आणि त्या तुमच्या भाओजींवर अवलंबून आहेत असं त्यात लिहून घ्या, नाहीतर परत पाठवतात. बाकी विपु करतो.